निविदेतली अट, मार्चअखेरचं बिल आणि उपकराचा पैसा: उधळपट्टी कागदावर कशी ओळखायची

प्रश्न असा आहे: 'सरकार पैसे उधळतं, ठरावीक लोकांनाच कामं मिळतात, असं सगळेच म्हणतात. पण एखाद्या साध्या करदात्याला ते कागदावरून ताडता येतं का? आणि मुक्त बाजाराची बाजू घेणारे ज्याला कुडमुडी भांडवलशाही (सरकारशी सलगीच्या जोरावर चालणारा धंदा) म्हणतात, तिच्यावर "सरकार लहान करा" यापलीकडे त्यांच्याकडे काही उत्तर आहे का?'

ताडता येतं. फक्त बहुतेक जण चुकीच्या पानापासून सुरुवात करतात. रस्ता बारा कोटींचा झाला म्हटलं की त्या बारा कोटींवरच वाद रंगतो, आणि अभियंता शांतपणे दरसूची (सरकारने ठरवलेल्या दरांची यादी) पुढे करून सगळ्यांना गप्प करतो. रक्कम शेवटी बघायची. आधी बघायची ती पात्रतेची अट. नियम मोडून जेवढा पैसा जातो त्याच्या कितीतरी पट तो नियम लिहून जातो, आणि तो नियम निविदा सूचनेच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर चक्क छापलेला असतो.

अट वाजवी आहे की नाही हे ठरवायला एक मोजपट्टी हाताशी आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने १७ डिसेंबर २००२ च्या पत्रकात बांधकामांच्या पूर्वपात्रतेचे निकष दिले आहेत. मागच्या तीन वर्षांतली सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या किमान ३० टक्के. अनुभव मागच्या सात वर्षांतला: तशाच स्वरूपाची तीन कामं, प्रत्येकी ४० टक्के रकमेची, किंवा दोन कामं ५० टक्क्यांची, किंवा एकच काम ८० टक्क्यांचं. म्हणजे २ कोटींच्या कामाला ६० लाखांची उलाढाल आणि ८० लाखांची तीन, १ कोटीची दोन किंवा १ कोटी ६० लाखांचं एक काम पुरतं. हे पत्रक केंद्राच्या संस्थांसाठी आहे, राज्याचे विभाग आणि महापालिका आपापले नियम लावतात. तरी फूटपट्टी म्हणून ते उत्तम चालतं. त्याच २ कोटींच्या कामाला कुणी ५ कोटींची उलाढाल मागत असेल, 'याच विभागात केलेलं काम' मागत असेल, किंवा तीन पर्यायांपैकी फक्त शेवटचा ठेवून तोही १०० टक्क्यांवर नेला असेल, तर ती अट कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी लिहिलेली असण्याची शक्यता दाट. कुणाला आत ठेवायचं होतं, ते पुढे पात्र ठरलेल्यांच्या यादीत दिसतं.

सगळ्यात चतुर अट ती, जिच्या पोटात थोडं खरं तंत्रज्ञान असतं. डांबरी रस्त्यासाठी हॉटमिक्स प्लांट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत हवा, ही अट घ्या. गार झालेलं मिश्रण नीट दबत नाही, त्यामुळे अंतराला अर्थ आहेच. पण प्लांट 'स्वतःच्या मालकीचा' कशाला हवा? भाड्याच्या करारावरचा प्लांट तेवढंच गरम मिश्रण देतो. अट क्षमतेची आहे की मालकीची, एवढं एकच विचारलं तरी अर्ध्याअधिक अटींचं पितळ उघडं पडतं. मालाच्या खरेदीत हाच खेळ तपशिलातून होतो. एका कंपनीचं माहितीपत्रक जसंच्या तसं 'तांत्रिक तपशील' म्हणून उतरवायचं: वजन ४.३ किलो, ना ४.२ चालणार ना ४.४. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल आल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं. आता ते खरेदीदाराने घातलेल्या जादा अटींच्या रकान्यात सापडतं.

मग तारखा बघा. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १६१ प्रमाणे जाहीर निविदेला साधारणपणे किमान तीन आठवडे द्यावे लागतात. सात दिवसांची 'अल्पमुदत' सूचना पूर किंवा साथीच्या काळात समजू शकते. बगीच्यातल्या बाकांना कसली आली निकड? शेवटच्या दोन दिवसांत शुद्धिपत्रक निघून एखादी अट बदलली आणि मुदत मात्र वाढवली नाही, तर ते शुद्धिपत्रक कुणाला तरी आधीपासून माहीत होतं असं समजायला हरकत नाही. तिसरी खूण तुकड्यांची. महाराष्ट्रात ३ लाखांवरच्या कामाला ई-निविदा सक्तीची होती त्या काळातल्या याद्या काढल्या तर २ लाख ९० हजार ते २ लाख ९९ हजारांची कामं रांगेने दिसतात: एकच गटार, साखळी क्रमांक (लांबीवरचं मीटरमधलं अंतर) शून्य ते शंभर, शंभर ते दोनशे, असं कापलेलं. मर्यादा बदलली की तुकड्यांचा आकारही तिच्यामागून बदलतो. मंजुरी चुकवायला मागणीचे तुकडे पाडू नयेत, असं नियम १५७ स्पष्ट सांगतो. पण नियम आहे म्हणून कामं एकसंध निघतात असं कुठे आहे?

बोलींची पाकिटं उघडली की सगळ्यांचे दर शेजारी मांडणारा तुलनात्मक तक्ता तयार होतो, आणि हा कागद मिळवलाच पाहिजे. मॅनेज झालेल्या निविदेचा तक्ता एकदा ओळखता आला की विसरत नाही. तीनच बोलीदार. पहिला अंदाजपत्रकापेक्षा एक टक्क्याहून कमी खाली, दुसरा तीन टक्के वर, तिसरा साडेचार टक्के वर. पुढच्या कामात नावं तीच, क्रम बदललेला. खरी स्पर्धा असते तिथे दर असे शिस्तीत उभे राहत नाहीत. कुणी १२ टक्के खाली जातं, कुणी १८, कारण प्रत्येकाची यंत्रं, खाणीचं अंतर आणि हातातलं काम वेगळं असतं. एकाच विभागाच्या वर्षभरातल्या वीस कामांचे तक्ते शेजारीशेजारी ठेवा. एका तक्त्यावरून काही सिद्ध होत नाही, वीस तक्त्यांवरून बरंच काही बोलता येतं. बोलीसोबत भरायच्या बयाणा (अनामत) रकमा एकाच बँकशाखेतून, लागोपाठच्या क्रमांकांनी निघाल्या आहेत का, तेही बघा.

बोलीदारांचं असं संगनमत स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३(३)(घ) खाली येतं. भारतीय स्पर्धा आयोगाकडे कुणीही नागरिक माहिती दाखल करू शकतो. शुल्क भरावं लागतं, आणि अर्ज बातमीसारखा नाही तर पुराव्यासारखा लिहावा लागतो. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. नागरिक चेतना मंच या संस्थेने ते प्रकरण आयोगापुढे नेलं आणि २०१८ मध्ये आयोगाने संगनमत झाल्याचं ठरवून बोलीदारांना दंड केला. कायद्यातल्या सौम्यतेच्या तरतुदीमुळे (कलम ४६) आधी कबुली देणाऱ्याला दंडात सूट मिळते. त्यामुळे टोळीतल्या प्रत्येकाला शेजाऱ्याची धास्ती वाटू लागते, आणि पोलिसी चौकशीपेक्षा ही धास्तीच जास्त कामाची ठरते.

काम दिल्यानंतरचा भाग लोक सहसा बघतच नाहीत, आणि मोठी रक्कम तिथेच हलते. बाबनिहाय दराच्या निविदेत (महाराष्ट्रात बी-२ नमुना) कसं होतं ते मानलेल्या आकड्यांनी दाखवतो. खोदकामाच्या दोन बाबी आहेत: मुरूम १०,००० घनमीटर, कठीण खडक ५०० घनमीटर. अंदाजपत्रकीय दर मुरमाला २०० रुपये, खडकाला ८००. 'अ' ने तेच दर भरले: २० लाख अधिक ४ लाख, एकूण २४ लाख. 'ब' ने मुरमाला १५० भरले आणि खडकाला १,४००: १५ लाख अधिक ७ लाख, एकूण २२ लाख. 'ब' दोन लाखांनी स्वस्त, काम त्याला. आता प्रत्यक्षात खडक निघाला ४,००० घनमीटर आणि मुरूम ६,५००. 'अ' च्या दराने हे काम ४५ लाखांत झालं असतं. 'ब' चं बिल होतं ६५ लाख ७५ हजार. खडक किती लागणार हे 'ब' ला आधीच कसं कळलं? भूस्तर चाचणीचा अहवाल कुणाच्या कपाटात होता, हे विचारलं की उत्तर सापडतं.

यावर उपाय करारातच आहे. बी नमुन्यांच्या करारातलं कलम ३८ सांगतं की एखाद्या बाबीचं परिमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर त्यावरच्या वाढीला भरलेला दर नाही, चालू दरसूचीवरून काढलेला दर द्यायचा. वरच्या उदाहरणात ६२५ घनमीटरपर्यंत १,४०० आणि उरलेल्या ३,३७५ ला ८०० धरले, तर 'ब' चं बिल ४५ लाख ५० हजारांवर येतं. वीस लाखांचा फरक एका कलमाने मिटतो. म्हणून माहिती मागताना अंतिम देयकासोबत 'कलम ३८ खालील दर विश्लेषण' आवर्जून मागायचं. ते नसेल तर एक तर परिमाण वाढलेलंच नाही, नाही तर कलमाकडे डोळेझाक झाली आहे. मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) उघडली की यांतलं कुठलं खरं ते दोन मिनिटांत समजतं. टक्केवारी दराच्या बी-१ निविदेत मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे सगळ्या बाबींना एकच टक्का लागतो. तिथे कलाकुसर अंदाजपत्रक बनतानाच होते: लांबच्या खाणीचं वाहतूक अंतर धरायचं आणि माल जवळचा वापरायचा. वाहतूक तक्ता आणि खनिज परवान्यांच्या पावत्या जोडून बघितल्या की ते उघड होतं.

मोठ्या प्रकल्पात याच गोष्टीला 'सुप्रमा' म्हणतात, सुधारित प्रशासकीय मान्यता. भंडारा जिल्ह्यातला वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प १९८३ मध्ये ३७२ कोटींचा होता. नंतरच्या सुधारित मान्यतांनी तो १८,४९४ कोटींवर गेला. जवळपास पन्नास पट. इथे प्रामाणिक राहायला हवं: ही सगळी वाढ चोरी नव्हे. तीन दशकांची महागाई, पुनर्वसन, भूसंपादनाचे बदललेले दर, वाढलेली व्याप्ती हे सगळं त्यात आहे. पण एक प्रकल्प तीस वर्षं रखडण्याचं कारण पाहिलं की पुन्हा तीच गाठ लागते. असलेला प्रकल्प पुरा करण्यापेक्षा नवा सुरू करण्यात जास्त मंडळींचं हित असतं: नवं भूमिपूजन, नवं मोबिलायझेशन ॲडव्हान्स (काम सुरू करायला मिळणारी उचल), नवं कंत्राट. तुटपुंजा निधी शंभर ठिकाणी वाटला की शंभरही कामं अर्धवट राहतात आणि शंभरांच्याही सुप्रमा निघतात. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचं दिसलं, त्यावरून रान उठलं, नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका आली, माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली. श्वेतपत्रिकेतला सिंचनवाढीचा आकडा आर्थिक पाहणीतल्या आकड्याहून बराच मोठा होता. दोन्ही कागद सरकारचेच! मोजण्याची व्याख्या खर्च करणाऱ्याच्या हातात असली की असं होतं.

मार्चअखेरीच्या खर्चाच्या घाईबद्दल फार लिहीत नाही, ते सर्वांना ठाऊक आहे. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाची मर्यादा शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के खर्चाची आहे. महाराष्ट्रात बघायची जागा म्हणजे स्वीय प्रपंची लेखा, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या नावावरचं ठेव खातं. वर्ष संपताच निधी व्यपगत (रद्द) होऊ नये म्हणून ३१ मार्चला कोषागारातून काढून तिथे टाकला की हिशेबात तो 'खर्च' दिसतो, प्रत्यक्षात वीटसुद्धा हललेली नसते. महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्त अहवालात या खात्यांतल्या शिल्लक रकमा, प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रं आणि न मिळालेली तपशीलवार देयकं यांचे तक्ते असतात. मूळ तरतूदही संपली नसताना घेतलेल्या पुरवणी मागण्यांचा तक्ता तर दर वर्षी करमणूक म्हणूनही वाचावा.

आता दुसऱ्या बाजूला, म्हणजे पैसा येतो तिकडे. करावर टीका करताना 'कर फार आहेत' एवढ्यावर थांबलं की समोरचा लगेच शाळा आणि दवाखाने पुढे करतो. त्यापेक्षा उपकराचा हिशेब मागा. उपकर ठरावीक कामासाठी घेतला जातो आणि त्यासाठीच्या राखीव निधीत जमा व्हायला हवा. २०१८-१९ मध्ये ३५ उपकर व तत्सम आकारण्यांतून २,७४,५९२ कोटी रुपये आले आणि राखीव निधींत गेले १,६४,३२२ कोटी, असं महालेखापरीक्षकांनी नोंदवलं आहे. उरलेले लाखभर कोटी एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतच राहिले. कच्च्या तेलावरच्या उपकराचे दहा वर्षांतले १,२४,३९९ कोटी तेल उद्योग विकास मंडळाकडे गेलेच नाहीत, हेही त्याच अहवालात आहे. शिवाय अनुच्छेद २७० नुसार उपकर आणि अधिभार राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा दिला, पण तो वाटण्यायोग्य रकमेचा. मूळ कर कमी ठेवून उपकर वाढवला की केंद्राचा हात मोकळा राहतो. राज्यंही काही मागे नाहीत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले; दुष्काळ गेला, पाऊस झाला, रुपये राहिले.

दरांच्या संख्येचंही तसंच. वस्तू आणि सेवा कर १ जुलै २०१७ ला आला तो ५, १२, १८, २८ अशा पायऱ्या घेऊन. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत परिषदेला खुलासा करावा लागला की मीठ-मसाल्याचं सुटं पॉपकॉर्न ५ टक्के, तेच पाकीटबंद १२ टक्के आणि कॅरमलचं १८ टक्के. विनोद सगळ्यांनी केले. पण मुद्दा विनोदाचा नाही. जिथे दोन दरांमध्ये सीमा असते तिथे ती सीमा सरकवण्यासाठी खर्च करणं हा एक धंदा होतो, आणि तो मोठ्या उद्योगांनाच परवडतो. लहान फरसाणवाला दिल्लीला शिष्टमंडळ नेत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ आणि १८ हे दोन मुख्य दर आणि वर ४० चा एक, अशी रचना झाली. ती चांगलीच झाली. सीमा कमी झाल्या तेवढे दलाल कमी झाले.

मुक्त बाजारवाल्यांचं खरं म्हणणं इथे सुरू होतं, आणि ते उद्योगपतींच्या बाजूचं नाही. धंद्याच्या बाजूने असणं आणि बाजाराच्या बाजूने असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. यशस्वी उद्योजकाला बहुधा स्पर्धा नकोच असते. त्याला कुंपण हवं असतं, आणि ते सरकारच घालून देऊ शकतं. राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) 'लायसन्स-परमिट-कोटा राज' म्हणायचे ते याच कुंपणाला. महाराष्ट्रातलं धडधडीत उदाहरण साखरेचं आहे. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात दोन कारखान्यांमध्ये १५ किलोमीटरचं अंतर, राज्याने ते २५ वर नेलं. कारण सांगितलं जातं की कारखान्यांना पुरेसा ऊस मिळावा. परिणाम असा की पंचवीस किलोमीटरच्या परिघात शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईकच उभं राहत नाही. काटा कसाही मारो, तोडणीची पाळी कधीही लागो, ऊस तिथेच घालायचा. सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये ही अंतराची अट काढायला सांगितलं. तिच्या शिफारशींपैकी लेव्ही साखर (कारखान्यांनी सरकारला कमी भावात द्यायचा हिस्सा) २०१३ मध्ये गेली, अंतर राहिलं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ज्याला 'उणे सबसिडी' म्हणायचे (भाव दाबून शेतकऱ्याच्या खिशातून काढलेला पैसा) ती एका हाताने घ्यायची आणि दुसऱ्या हाताने कारखान्याच्या कर्जाला शासन हमी द्यायची, हा व्यवहार दोन वेगळ्या फायलींत असल्याने कुणी एकत्र वाचत नाही. शेतकरी आणि करदाता मात्र पुष्कळदा एकच माणूस असतो.

नैसर्गिक संपत्तीच्या वाटपात उपाय सिद्ध झालेला आहे: खुला लिलाव. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ ला १२२ दूरसंचार परवाने रद्द केले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला २१८ पैकी २१४ कोळसा खाणवाटपं. दोन्हीकडे दोष एकच, देणाऱ्याच्या मर्जीने दिलं गेलं. लिलावातही अट लिहिता येते, हे विसरू नका. 'अंतिम वापर' फक्त अमुक उद्योगाचा, अशी अट घातली की बोलीदार दोनच उरतात.

खासगीकरणाबद्दल दोन आकडे आणि एक इशारा. एअर इंडियावर २००९-१० पासून रोख मदत आणि हमी मिळून १.१० लाख कोटींच्या वर रक्कम लागली. २०२१ मध्ये ती १८,००० कोटींच्या बोलीला विकली गेली, त्यातले १५,३०० कोटी म्हणजे खरेदीदाराने घेतलेलं कर्ज, रोख २,७०० कोटी. बीएसएनएलला २०१९, २०२२ आणि २०२३ अशी तीन पुनरुज्जीवन पॅकेजं मिळाली: अंदाजे ६९,००० कोटी, १.६४ लाख कोटी आणि ८९,०४७ कोटी. ज्यांना विक्रीची किंमत कमी वाटते त्यांनी न विकण्याची किंमतही शेजारी मांडावी. इशारा असा की सरकारी मक्तेदारी उचलून खासगी मक्तेदाराला दिली तर बाजार आला असं होत नाही. शहराचं पाणी किंवा एकमेव रस्त्यावरचा टोल तीस वर्षांसाठी एका कंपनीला देताना करारात वाहनसंख्या कोण मोजणार, मुदत कशाने वाढणार आणि हिशेब जनतेला दिसणार का, हे नसेल तर ते कुंपणच, फक्त रंग बदललेलं.

राजकीय देणग्यांवर एक ओळ पुरे. कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढली गेली, निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरले आणि यादी बाहेर आली. देणगीची तारीख आणि कार्यादेशाची तारीख शेजारी ठेवून लोक निकाल देतात. तेवढ्यावर निकाल देऊ नये, पण त्या कार्यादेशाची पात्रतेची अट काढून बघायला ते कारण पुरेसं आहे.

आता हे कागद मिळवायचे कसे. अर्धे तर मागावेच लागत नाहीत: महाटेंडर संकेतस्थळावर निविदा, शुद्धिपत्रकं आणि उघडलेल्या बोली दिसतात. मुदत संपल्यावर शोधाशोध होते, म्हणून सूचना निघाली त्याच दिवशी पूर्ण संच उतरवून ठेवा. बाकीच्यासाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे २ रुपये. 'काम निकृष्ट का झालं' असं विचारू नका. माहिती म्हणजे अस्तित्वात असलेला अभिलेख, कारणमीमांसा तयार करून देण्याची सक्ती नाही, आणि असा अर्ज एका ओळीत निकाली निघतो. कागदाचं नाव घेऊन मागा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक वाहतूक तक्त्यासह, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, सर्व चालू देयकं आणि अंतिम देयक, मुदतवाढीचे आदेश, गुणनियंत्रण चाचणी अहवाल. शक्यतो आधी कलम २(ञ) खाली अभिलेख तपासणी मागा आणि मग नेमकी पानं निवडा. सातशे पानांचे पैसे वाचतात आणि फाइलमधल्या टिपण्या वाचायला मिळतात. याच कलमाखाली साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात, रस्त्याच्या थराचासुद्धा. हा अधिकार फार थोडे वापरतात.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा 'त्रयस्थ पक्षाची व्यापारी माहिती' म्हणून कलम ८(१)(घ) पुढे केलं, तर तीस दिवसांत पहिलं अपील. पाकिटं उघडून काम दिल्यानंतर दरांत गुपित राहत नाही, हा मुद्दा अपिलात लिहा. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, आणि तिथे थांबावं लागतं हे गृहीत धरा. म्हणूनच एकाच कामाला चिकटून न बसता त्या विभागाच्या कामांची यादी आधी घ्या. तिच्यात एक रकाना हटकून मागा, दोष दायित्व कालावधीचा. ज्या साखळी क्रमांकांच्या रस्त्याची दुरुस्ती जुन्या कंत्राटदाराने फुकट करायची होती, त्याच साखळी क्रमांकांवर नवी निविदा निघालेली दिसली, तर बाकी काही तपासण्याआधी तिथेच अर्ज करा.

आणि 'फाइल आढळून येत नाही' असं लेखी उत्तर आलं तर निराश होऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ नुसार अभिलेख गहाळ करणं किंवा नष्ट करणं हा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. पहिल्या अपिलात जबाबदारी निश्चित करून गुन्हा नोंदवण्याची आणि लेखा शाखेकडच्या दुसऱ्या प्रतीवरून फाइल पुन्हा उभी करण्याची मागणी करा. देयक कोषागारातून गेलं असेल तर त्याच्या प्रमाणकाची (व्हाउचरची) नोंद तिथेही असते, आणि ती नोंद गहाळ करणं विभागाच्या हातात नसतं.